पंधरा काकडं

टिटवाळा स्टेशनबाहेर रखमाबाई रानभाज्या घेऊन बसते. त्या सोमवारी तिच्याकडे शेवळांच्या शेवटच्या चार जुड्या उरलेल्या, आणि त्या मी उचलल्या. वळते तर एक उंच, चष्मेवाला माणूस माझ्या पिशवीकडे टक लावून बघतोय.

"काकडं घेतलीत?" त्याने विचारलं.

काकडं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल करेन तर मी कसली! नाक वर करून सांगितलं, मला नकोत. तो गालात हसला. मग त्यानेच समजावलं, की शेवळं म्हणजे रानातल्या कंदाचे कोंब, नुसते शिजवले तर घसा असा खाजतो की जीव नकोसा होतो. काकडं ही छोटी हिरवी आंबट फळं. त्यांच्या पाण्याने ती खाज मरते. आणि रखमाबाईकडची शेवटची काकडं नेमकी त्याच्या पिशवीत गेलेली.

"मग ती मला द्या," मी म्हटलं.

"मग शेवळं मला द्या," तो म्हणाला.

रखमाबाई पदर तोंडाला लावून हसत बसलेली.

मी संचिता. नौपाड्यात माझं 'चार घास' नावाचं बारा टेबलांचं हॉटेल आहे. पाटीवर 'घरगुती जेवण' लिहिलंय, आणि एकदा एका गिऱ्हाइकाने अगदी शांतपणे विचारलं होतं, "कुणाच्या घरचं?" ते जे लागलं मनाला, तेव्हापासून दर सोमवारी हॉटेल बंद ठेवून स्कूटर काढते आणि डोंबिवली, कल्याण, टिटवाळा असं लोकांच्या घरी रेसिपी मागत फिरते. लाजबिज वाटत नाही. त्यामुळे 'शेवळं आमची आई करते' असं तो म्हटल्यावर मी त्याला तिथेच फोन लावायला सांगितला, आईंशी स्वतः बोलले आणि त्याच्या बाइकमागून थेट कल्याणला, पारनाक्याच्या त्यांच्या घरी पोचले.

त्याचं नाव विनीत, आईंचं माया. मायाकाकूंची शेवळं मी तीनदा वाढून घेतली. शिकवा म्हटलं, तर काकू म्हणाल्या, शेवळं शेवटी, आधी सोपं शीक.

असे सोमवार सुरू झाले. माझी बाजाराची कामं आटपून मी पोचेपर्यंत काकूंचा स्वयंपाक झालेला असायचा. मी जेवत जेवत विचारायचे, काकू अंदाजाने सांगायच्या... मूठभर, चिमूटभर, डोळ्यांना पटेल इतकं. विनीत सोमवारी घरूनच ऑफिसचं काम करायचा. काकूंच्या मुठींची मापं करून मला मेसेज पाठवायचं काम त्याच्याकडे. जेवताना तो बोलायचा कमी. पण माझ्या वाटीतली आमटी संपायच्या आत भांडं माझ्याकडे सरकवायचा, आणि मी बघितलं की चष्मा पुसायला लागायचा.

त्याच्या रेसिपीत मात्र दर वेळी काहीतरी राहायचंच. वालाच्या बिरड्यात आमसुलं नाहीत. गोड निनाव्यात जायफळ नाही. मी फोन करायचे, "अहो, काहीतरी राहिलंय." पलीकडून, "अं... हो. आमसुलं राहिली वाटतं." आमसुलांवरून निघालेला फोन त्याच्या मॅनेजरवर जायचा, तिथून शीळफाट्याच्या ट्रॅफिकवर, आणि एकदा तर माझ्या मोडलेल्या लग्नापर्यंत गेला. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला एकही दिला नाही. मला तो आवडायला लागलेला, सरळच सांगते. पण ज्याला आमसुलं लक्षात राहत नाहीत, त्याला मी कसली राहतेय, असंही वाटायचं.

जून सरत आला आणि नौपाड्यातल्या एका महिला मंडळाने रविवारचं शेवळांचं जेवण सांगितलं. अठ्ठावीस बायका, जन्मभर शेवळं खाल्लेल्या. एकीचा जरी घसा खाजला असता, तरी 'घरगुती'ची पाटी मला माझ्या हाताने उतरवावी लागली असती. काकूंनी अखेर कृती सांगितली, विनीतचा मेसेज आला. चार जुड्यांना पंधरा काकडं.

पंधरा? आंबटढाण होईल की. एव्हाना त्याची रेसिपी आपल्या अंदाजाने दुरुस्त करायची मला सवयच लागलेली, त्यामुळे या वेळी फोनही केला नाही. पंधराची सात केली आणि त्याच हिशोबाने रविवारची काकडं आणून ठेवली.

शनिवारी सकाळी थोडीशी करून पाहिली. माझा स्वयंपाकी हरिहर आणि मी, दोघांनी एकेक घास खाल्ला. पाचच मिनिटांत आम्ही गूळ, दही, तूप, हाताला लागेल ते गिळत होतो. हरिहरच्या डोळ्यांतून पाणी, माझा आवाज बसलेला. तशीच स्कूटर काढली आणि खाकरत, चरफडत कल्याण गाठलं.

काकूंनी माझा मोबाइल हातात घेतला आणि चष्मा चढवून सगळे मेसेज पहिल्यापासून वाचले. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"भानोल्यात नारळाचं दूध कुठंय? मी तर सांगितलेलं. विनीत, इकडे ये जरा."

तो आला. आईच्या हातातला मोबाइल बघून दारातच थांबला.

"तू मुद्दाम केलंस?" माझा आवाज फुटत नव्हता, तरी विचारलं. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "माझं हॉटेल आहे ते, विनीत. उद्या अठ्ठावीस माणसं आहेत."

"आधीच्यांत मुद्दाम गाळलं," तो खाली बघत म्हणाला. "सगळं लिहिलं असतं तर... तुम्ही फोन कशाला केला असता?"

काकू मोबाइल ठेवून उगाचच ओटा पुसायला लागल्या.

"पण शेवळांचं सगळं खरं आहे," तो घाईने म्हणाला. "आईला तीनदा विचारून लिहिलं. उद्या तुमचं जेवण आहे ना, म्हणून."

"किती काकडं घातलीस गं?" काकूंनी पाठमोऱ्याच विचारलं.

"सात," मी म्हटलं.

काकूंनी कपाळावर हात मारला. आता कुणावर चिडायचं? चूक माझी होती आणि कारण तो होता. त्यात छातीत भलतीच धडधड चाललेली, ती काही घशाच्या खाजेमुळे नव्हती. पण रविवार डोक्यावर होता, म्हणून मी त्याला एवढंच म्हटलं, की बाइक काढ, निम्मी काकडं कमी आहेत.

रखमाबाईकडची काकडं संपलेली. तिने आम्हाला आपल्या पाड्यावर नेलं, मागचं काकडांचं झाड दाखवलं आणि हातात काठी दिली. काठी पुरेना. मग विनीत चांगल्या पँटवर त्या ओल्या, बुळबुळीत झाडावर चढला. दोनदा घसरला, कोपर सोलवटलं, चष्मा खाली माझ्या हातात टाकला. वरून काकडं पडत होती, मी ओढणीत झेलत होते आणि चढतोय तो, पण धाप मला लागलेली. खाली उतरला तेव्हा मी त्याचं कोपर माझ्या बाटलीतल्या पाण्याने धुतलं. हात लगेच सोडला नाही. त्यानेही काढून घेतला नाही. राग कधी गेला, कळलंच नाही.

रविवारी सकाळीच काकू नौपाड्यात येऊन माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या. काकडं एकेक मोजून घातली. मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या आजींनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. मी, विनीत, हरिहर दाराआडून बघतोय. आजींनी डोळे उघडले आणि भात मागितला. मग सगळ्याच पानांवरून वाढ, वाढ सुरू झालं. हरिहरने मला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली.

बायका गेल्यावर विनीत मागच्या मोरीपाशी भांडी विसळायला उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. मी शेजारी जाऊन पुसायला लागले.

"आईच्या रेसिपी संपल्या सगळ्या," तो ताटाकडे बघत म्हणाला. "म्हणजे उद्या... तुम्ही येणार नाही ना?"

"विनीत, काकूंचा नंबर माझ्याकडे दुसऱ्या सोमवारपासून आहे. त्यांनीच दिलेला. 'काही अडलं तर सरळ मला विचार' म्हणाल्या होत्या."

नळ तसाच वाहत राहिला.

"मग प्रत्येक वेळी मला का..."

"हो," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी तुलाच."