धुक्याला उत्तर

"चिगुसा, तिथंच थांब. मी येतो."

हा माझ्या बाबांचा आवाज. मी पहिलीत असताना एका हिवाळी सकाळी तो हिजी नदीच्या काठावर धुक्यातून आला. बाबा नदीच्या मुखाशी होडीतून खायचं हिरवं शेवाळ काढायचे. त्या दिवशी जाग आली तेव्हा त्यांचं अंथरूण रिकामं होतं आणि रबरी हातमोजे दारातच राहिले होते. पाण्यात बोटं गोठतील म्हणून मी ते उचलले आणि धावत सुटले. बांधावर पोचले तर पुढचं काही दिसेना. मी "बाबा" म्हणून हाक मारली, आणि उत्तर आलं. मी थांबले. ऊन आलं, धुकं समुद्रावर गेलं, नदी मोकळी झाली, तरी मी हातमोजे छातीशी धरून उभीच. दुपारी त्यांची होडी समुद्रात पालथी सापडली. बाबा सापडले नाहीत.

आमच्या नागाहामा गावात हिवाळ्यात धुकं उतरत नाही, ते वाहतं. वरच्या ओझूच्या खोऱ्यात रात्रभर साठतं आणि उजाडताना दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेनं, वाऱ्याला कवेत घेऊन, लाल पुलाखालून समुद्राकडे जातं. लहान मुलं खिडकीत उभी राहून म्हणतात,

धुक्या धुक्या, जा समुद्रा,
आमच्या दारी नको उभा.

मीही म्हणायचे. त्या सकाळनंतर सोडलं.

आता मी ओझूच्या इस्पितळात लोकांचे कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानावर बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. आवाज सोडलेला नसतानाही पुष्कळजण बटण दाबतात. अगदी शांत जागी कान स्वतःच काहीतरी रचून घेतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. म्हणून पुढचं सांगताना मी जपून सांगते आहे.

गेल्या शरदात देवळाच्या अंगणात सेइके गुरुजींची शाकुहाची ऐकली. ही आमची बांबूची बासरी, हातभर लांब, बुंध्याच्या मुळांसकट कोरलेली. ती आडवी धरत नाहीत, ओठाला उभी टेकवतात. गुरुजींनी सगळी छिद्रं मिटून सर्वांत खालचा सूर लावला. त्या सुराला 'रो' म्हणतात. सूर फुटण्याआधी नळीतून नुसता वारा आला, ओला, खरखरीत, आणि मग त्या वाऱ्यातून सूर वर आला. बाबांच्या आवाजातही शब्दाआधी असाच वारा होता.

मला गाणी वाजवायची नव्हती. मला तो एक सूर हवा होता. 'येतो' म्हणून गेलेल्या माणसाला आठवण करून द्यायची होती.

गुरुजी पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. आता डोंगराच्या उतारावर, संत्र्यांच्या मळ्यात एकटेच राहतात. पहिले कितीतरी दिवस माझ्या बासरीतून नुसती फूस निघाली.

"असू दे," ते म्हणाले. "चहा गार करायला उपयोगी पडेल."

"गुरुजी, ओठ कसा ठेवू ते तरी सांगा."

"ओठाचं विसर. कुणाची तरी वाट बघताना माणूस श्वास कसा सोडतो, तसा सोड."

त्या दिवशी सूर लागला.

त्यांच्याकडे एक रीत होती. जुन्या काळी डोक्यावर टोपली पालथी घालून तोंड झाकलेले साधू बासरी वाजवत गावोगाव फिरायचे. वाटेत दोघे भेटले की एकानं हाकेचे सूर वाजवायचे, दुसऱ्यानं उत्तराचे. गुरुजींनी ते आपल्या घराच्या फाटकाशी आणलं होतं. शिष्यानं फाटकात उभं राहून हाक वाजवायची. आतून गुरुजी उत्तर वाजवायचे. मगच दार सरकवून आत यायचं.

"उत्तर मिळाल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं होतं.

"आणि मी आत असताना बाहेरून हाक आली तर?"

"तर उत्तर द्यायचं. ऐकून गप्प बसणं हा उर्मटपणा."

त्यांनी मला दोन्ही शिकवलं. हाक वर चढते आणि मध्येच तुटते. उत्तर खालून निघतं आणि 'रो'वर येऊन बसतं. माझ्या बोटांना ते सवयीचं झालं, कुणी नमस्काराला वाकलं की आपण वाकतो, तसं.

घरी वाजवायची सोय नव्हती. आमच्या भिंती पातळ. शेजारच्या ओचीकाकूंनी फाटकाशीच गाठलं मला. "चिगुसा, तुमच्याकडे गाय आणलीय का गं? आणली असेल तर कुणाला तरी दाखवा तिला. पोट दुखतंय तिचं." मी माफी मागितली आणि कामावर जाण्याआधी, उजाडताना, नदीच्या बांधावर जाऊ लागले.

आईला ते आवडलं नाही. तिला कमी ऐकू येतं. तिच्या कानातली यंत्रं मीच बसवून दिली आहेत. ती काढली की शेजारी उकळणाऱ्या किटलीची शिट्टीही तिला ऐकू येत नाही.

"धुक्यात कशाला जातेस?" ती म्हणाली.

"बाबांसाठी वाजवते."

ती भांडी पुसत राहिली. बाबांच्या विषयावर ती नेहमीच अशी. त्यांच्या फोटोपुढे उदबत्ती मी लावते, घंटी मी वाजवते. आईनं कधीच लावली नाही. दुःखाच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात, असं मी समजत आले होते.

हिवाळा कडक झाला. एका सकाळी धुकं इतकं होतं, की बासरीचं खालचं टोक मला दिसत नव्हतं. 'रो' लावला, संपवला. काठावरच्या बांबूंच्या बनातून पाणी टपकत होतं. आणि मग, वरच्या अंगानं, हाक आली.

वर चढली. मध्येच तुटली.

मी विचार केला नाही. बोटं आपसूक मिटली आणि मी उत्तर दिलं.

बासरी खाली घेतली. डोंगरावरून आलेला प्रतिध्वनी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी हाक वाजवलीच नव्हती. प्रतिध्वनी कशाचा येणार?

दुसऱ्या दिवशी इस्पितळातलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र सोबत नेलं. हाक आली, मी उत्तर दिलं. कामावर बंद खोलीत बसून ऐकलं. मुद्रणात हाक नव्हती. नुसतं पाणी, वारा, माझ्या जाकिटाची सळसळ. हे अपेक्षितच होतं आणि थोडं वाईटही वाटलं. मग माझं उत्तर सुरू झालं. 'रो'वर आल्यावर सूर लाटांसारखा हलू लागला. मोठा, लहान, मोठा, लहान. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र वाजले की अशा लाटा उठतात. एकट्या बासरीतून त्या उठत नाहीत. हे कुणीही कान तपासणारा सांगेल.

मी ते मुद्रण कुणाला ऐकवलं नाही. घरी येऊन बाबांच्या फोटोपुढे बसले आणि खूप दिवसांनी रडले. त्यांनी शब्द पाळला होता. उशीर झाला होता, एवढंच.

मग हाक रोज येऊ लागली, आणि मी रोज उत्तर देत गेले. आधी बनाच्या वरून. मग लाल पुलाखालून. मग बांधावरूनच, मी उभी होते त्या वाटेवर, थोडी मागे. वळून पाहिलं तर पांढरं धुकं, आणि त्या धुक्यात माणसाच्या उंचीएवढी एक जागा, जिथून ते वाहत नव्हतं. ते तिला वळसा घालून जात होतं.

आठवड्याच्या शिकवणीला मी मळ्यात गेले. सकाळ होती, खालचं खोरं भरून गेलं होतं, वर मात्र संत्र्यांवर कोवळं ऊन. फाटकात उभी राहून हाक वाजवली. आतून उत्तर आलं. दार सरकवलं.

खोलीत कुणी नव्हतं. गुरुजींचं आसन रिकामं, त्यांची बासरी कापडी पिशवीत, पिशवीची दोरी बांधलेली. चटई मात्र ओली होती, त्यांच्या नाही, माझ्या बसायच्या जागी.

"तू आत कशी?"

गुरुजी मागं पायवाटेवर उभे होते. हातात संत्र्यांची टोपली.

"तुम्ही उत्तर दिलंत."

"मी मळ्यात होतो."

त्यांनी टोपली खाली ठेवली. एक संत्रं घरंगळत माझ्या पायाशी आलं. कुणीच ते उचललं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, बाबांचं, बांधाचं, मुद्रणातल्या लाटांचं.

"पहिल्या वेळी हाक कुणी वाजवली? तू?"

"नाही. मी उत्तर दिलं. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "या खोऱ्यात माझ्याशिवाय बासरी वाजवणारं कुणी उरलं नाही, चिगुसा. ती माझ्याकडे ठेवून जा. वसंतात घे परत."

"बाबा आहेत, गुरुजी."

"असतील. पण बापाला स्वतःच्या घरी यायला लेकीचं उत्तर कशाला लागतं?"

मला राग आला. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला हे बोलायचं असतं का? मी वाकून नमस्कार केला, बासरी घेतली आणि उतरून आले.

त्यानंतर बांधावर गेले नाही. जायची गरज पडली नाही. हाक आमच्या घराच्या गल्लीत आली होती. सकाळी भात शिजत असताना ती यायची, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, फार मोठ्यानं नाही, उत्तर द्यायचे. ओचीकाकू काही म्हणाल्या नाहीत. त्यांना ती ऐकूच येत नसावी.

आई मात्र एका सकाळी हातातली वाटी ठेवून म्हणाली, "कोण वाजवतंय?"

तिच्या कानात यंत्रं नव्हती. ती बशीत पडलेली होती.

"तुला ऐकू येतंय?"

"आज जवळ आहे," आई म्हणाली. उठून दाराला कडी घातली आणि कडीवर हात तसाच ठेवून उभी राहिली. तिची बोटं मी पाहिली. नखं पांढरी पडली होती.

"आई, तुला आनंद नाही झाला?"

तिनं कडी पुन्हा ओढून पाहिली.

काल सकाळी धुकं गल्लीत शिरलं. असं सहसा होत नाही. दाराच्या फटीतून ते घरात आलं आणि चपलांवर पसरलं. आई रजईनं झाकलेल्या, खालून तापणाऱ्या मेजाखाली पाय घालून बसली होती, संत्रं सोलत. यंत्रं बशीत.

हाक आली.

उंबऱ्याबाहेरून.

आईच्या हातातलं संत्रं फुटलं.

मी बासरी ओठाला लावली. आई उठली, माझं मनगट धरलं. तिच्यात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"नको."

"बाबा आहेत, आई. ते येतो म्हणाले होते. मी फक्त ये म्हणणार आहे."

मी हात सोडवून घेतला. छिद्रं मिटली. उत्तर खालून निघालं आणि 'रो'वर येऊन बसलं. सूर लाटांसारखा हलला. मोठा, लहान, मोठा.

मी थांबले. सूर थांबला नाही. मग तोही थांबला.

दारापलीकडे कुणीतरी श्वास घेतला. ओला, खरखरीत.

"चिगुसा, तिथंच थांब."

तोच आवाज. जराही म्हातारा न झालेला.

"मी येतो."

कडी आपसूक वर उचलली गेली.

आई दाराकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती आणि बोलत होती. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, फार मोठ्यानं.

"ते बुडाले नाहीत गं. आदल्या संध्याकाळीच गेले. ओसाकाला, दुसऱ्या बाईकडे. टाकून गेलेला बाप तुझ्या वाट्याला नको म्हणून होडीचा दोर मी सोडला. सगळ्यांनी खरं मानलं. तूही मानलंस."

दार बोटभर सरकलं.

"आवाज ऐकला म्हणालीस, मला वाटलं लहान आहेस, भास झाला असेल." तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या बोटांना संत्र्याचा वास होता. "तू हातमोजे घेऊन काठावर उभी होतीस ना, त्या वेळी मी तंबाखूच्या दुकानातल्या फोनवर होते. ओसाकाहून त्यांचा फोन आला होता. त्या वेळी ते माझ्याशी बोलत होते."