डाखाचं वय

मिरजेच्या ध्वनिसंशोधनशाळेत एक निर्नाद कक्ष आहे. त्याच्या भिंती आवाज पिऊन टाकतात. आत गेलं की स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटतो. त्या कक्षाच्या मधोमध सागवानी पेट्यांतले दोन जुने स्पीकर ठेवले होते आणि काचेपलीकडे डॉ. शुभदा शेजवलकर हाताची घडी घालून उभ्या होत्या. आत जणू घरचंच कोणीतरी तपासायला नेलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांच्या नवऱ्यानं, निशिकांतनं, ते स्पीकर घरीच बनवले होते. निशिकांतला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून स्पीकर मलूल होत चालले होते. तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो बारीक झणकार, आधी धूसर झाली, मग ऐकू येईनाशीच झाली. मुलगी ऋजुता मागे लागली होती, "आई, काढून टाक ते. घरोघरी ध्वनिभिंती आल्यात. भिंत आधी तुझा कान मोजेल आणि तुला हवं तसं ऐकवेल." भिंत घ्यावी की स्पीकरचे पडदे बदलावेत, हे काही ठरत नव्हतं.

संशोधनशाळेचे प्रमुख इरफान तांबोळी एकेकाळी शुभदाताईंकडे धातुशास्त्र शिकले होते. ते बाहेर आले तेच कान चोळत.

"बाई, स्पीकर म्हातारे झालेले नाहीत. पडदे ठणठणीत आहेत. आणि मलूल तर मुळीच नाहीत. तीव्र स्वर इतके चढवलेत की दोन मिनिटांत माझं डोकं उठलं."

"मग मला जवारी का ऐकू येत नाही?"

"आधी हे बघा." इरफाननी संगणकावर स्पीकरच्या पोटातलं चित्र आणलं. "हा स्वरविभाजक. खालचे स्वर मोठ्या पडद्याकडे पाठवतो, वरचे छोट्या पडद्याकडे. छोट्याच्या वाटेवर प्रवाह अडवणारा रोधक असतो. निशिकांत सरांनी त्याच्या शेजारी एकेक नवा रोधक जोडत नेलाय. प्रत्येक जोडाबरोबर प्रवाहाला आणखी एक वाट मिळते आणि तीव्र स्वर चढतात. हे केव्हा केलं, ते डाखावरून, जोडावर वितळवून लावलेल्या धातूवरून, तुम्हीच सांगू शकाल."

शुभदाताई पुढे झाल्या. हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. शिसं आणि कथलाच्या डाखातले स्फटिक घरातल्या साध्या उबेनंही वर्षानुवर्षं वाढत राहतात. जितके ढोबळ, तितका डाख जुना. स्फटिककालमापक त्यांनीच बांधला होता. त्यांनी एकेक डाख त्याच्याखाली धरला. पहिले डाख लग्नाच्या वर्षीचे. मग बरीच वर्षं एकही नाही. त्यानंतर मात्र दरवर्षी एक, थेट निशिकांत गेला त्या वर्षापर्यंत.

"दसऱ्याला उघडायचा तो," त्या पुटपुटल्या. "पूजेआधी धूळ काढतो म्हणायचा. मग रेकॉर्ड लावून विचारायचा, आता कसं वाटतंय? मी म्हणायची, छान, जवारी लागली."

 इरफाननी सकाळी भिंतीसाठी घेतलेला शुभदाताईंचा श्रवणालेख स्पीकरच्या आलेखावर ठेवला.

"बाई, तुमचा कान जिथे उतरतो, तिथेच स्पीकर चढतो. फरक उरतो तो गेल्या चार वर्षांत कान झिजला त्याचा. तेवढा भरून काढायला कोणी नव्हतं."

शुभदाताईंना आपल्या कानाचा केवढा अभिमान! मैफलीत तानपुरा किंचित उतरला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्या खुर्चीवर टेकल्या. पण शास्त्रज्ञाचं मन तेवढ्यावर थांबेना.

"इरफान, निशिकांतचा कान शेवटपर्यंत उत्तम होता. त्याच्या कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी व्हायची."

"हो."

"म्हणजे त्याला..."

"आत्ता मला आलं, तसंच ऐकू येत असणार."

रोज संध्याकाळी तो शेजारी डोळे मिटून बसायचा. गाण्यात बुडालाय, असं त्यांना वाटायचं.

"तुझ्या भिंतीला माझा कान ठाऊक आहे ना? मग मला हे स्पीकर त्याच्या कानानं ऐकव."

इरफाननी नाइलाजानं दोन्ही आलेख भरून संशोधनशाळेतली भिंत चालू केली. तानपुरा सुरू झाला आणि पत्र्यावर खिळा ओढावा तशी जवारी डोक्यात घुसली. शुभदाताईंचे हात कानांकडे गेले. इरफान बटणाकडे धावले.

"राहू दे."

त्यांनी हात खाली घेतले, डोळे मिटले आणि रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

"मग भिंत बसवायची ना?" इरफाननी विचारलं.

"नको. राहिलेल्या चार वर्षांचे रोधक किती लागतील, ते मोजून दे. डाख मी देईन." त्यांनी चष्मा पुसला. "आणि मी ऐकत असताना शेजारी कोणाला बसू देणार नाही."