धावजीभाऊनं धरलेली जागा

एसटीत कंडक्टरकी करण्यात माझी उमर गेली. खिडकीतून रुमाल टाकून शीट धरणारे मी लय पाह्यले. मी तो रुमाल उचलून त्यायच्याच हातात द्यायची. रुमालाले तिकीट नसते, बसल त्याची शीट. माझ्या आवाजाले भरलेली गाडी चूप होत होती. अन् रोग झाला तो नेमका घशाले.

लॉकडाऊन लागलं तेव्हा यवतमाळले माझे शेक चालू होते. शेक म्हणजे रेडिएशनचे. डॉक्टरीणबाईनं बजावून ठेवलं होतं, "पंचफुलाबाई, एकही खाडा करायचा नाही. खाडे पडले की हा रोग डोकं वर काढतो." गाड्या बंद, रस्त्यारस्त्यावर नाके. मग मारेगावच्या घराले कुलूप लावलं अन् मी अन् आमचे मालक, संघर्षचे बाबा, दवाखान्यामागं खोली करून राह्यलो. माझे ड्युटीचे काळे सँडल घरीच मांडणीवर ठेवले. बरी झाली का घालीन म्हटलं.

दवाखान्याच्या आंगणात चुन्याचे गोल आखले होते. एका गोलात एक माणूस. पण मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात उभं राह्यते कोण? लोक चपला काढून गोलात ठेवत अन् स्वतः लिंबाच्या सावलीत बसत. चपला पुढं सरकवल्या का नंबर सरकला. पाहून माझं डोकंच फिरे. पण घशातून आवाज निघेना, भांडू कशी?

माझ्या पुढचा नंबर धावजीभाऊचा. ढाणकीकडच्या तांड्यावरचा म्हातारा, गालाचा कॅन्सर, दवाखान्याच्या शेडमध्येच झोपे. पायात टायरच्या चपला, एका पट्ट्याले निळ्या नायलॉन दोरीचे टाके. सकाळीच आपल्या चपला ठेवून तो मागच्या गोलात माझ्यासाठी वीट ठेवे.

"कंडक्टरबाई, तुमची जागा धरून ठेवली."

"मले नाही पाहिजे धरलेली जागा," मी कसंबसं म्हणे.

तो हसे. "मले सवयच आहे, बाई. पुढं गेलो का मागच्याची जागा धरतो."

बायको बिमार पडली म्हणून तो एका दिवसासाठी तांड्यावर गेला अन् तिकडंच अडकला. नाक्यावरून कोणी सोडेना. त्याचे खाडे पडत गेले. मग एक दिवस मशीनवरच्या नयननं सांगितलं, "मावशी, धावजीबाबा गेले. फोन आला होता."

मी रडली. अन् संताप आला, नाक्याचा, रोगाचा, सगळ्यायचा.

दुसऱ्या दिवशी माझ्या पुढच्या गोलात टायरच्या चपला होत्या. निळे टाके. सोलले काळा चिखल, ओला. पाण्याचा थेंब पडला नव्हता कितीतरी दिवसांत.

"नागोराव, ह्या कोणाच्या?" मी वॉचमनले विचारलं.

"काय माहीत बापा. मी आलो तेव्हापासून आहेत."

कोणीतरी मस्करी करून राह्यलं असंल. मी नागोरावले त्या कचऱ्याच्या गाडीत टाकायले लावल्या. सकाळी पुन्हा तिथंच. चिखल तसाच ओला.

नयननं दारातून आवाज दिला, "पुढचे कोण?" सावलीतून कोणी उठेना. मी निघाली तर एक बाई म्हणे, "थांबा ना मावशी, त्यायचा नंबर आहे." आता काय म्हणावं! सगळेच थांबले होते. मशीन रिकामी, अन् माणसं चपलांची वाट पाहून राह्यली. मी त्या चपला ओलांडून आत गेली.

आत टेबलावर निजवतात. तोंडावर जाळीचा मुखवटा चढवतात अन् तो टेबलाले पक्का करतात. मान हलत नाही, तोंड उघडत नाही. मग सगळे बाहेर जातात अन् जाड दार लागते. खोलीत एकट्यानंच राहा लागते.

त्या दिवशी दार लागल्यावर मले पावलं ऐकू आली.

टायरच्या चपलांची. फरशीवर, सावकाश.

माझ्या उशाशी येऊन थांबली. ओल्या मातीचा वास आला. मले भेव वाटलं, खोटं कायले सांगू? पण मी हलली नाही. हलली असती तर शेक वाया गेला असता.

मग रोजच तसं होऊ लागलं. मी एकही खाडा केला नाही.

शेवटच्या शेकाच्या दिवशी संघर्षचे बाबा सोबत होते. आंगणात येऊन ते थबकलेच.

धावजीभाऊच्या चपला पहिल्या गोलात. त्याच्या मागं, माझ्या गोलात, काळे सँडल. डाव्या पट्ट्याले मीच लावलेली सेफ्टी पिन.

"पंचफुले, हे तर घरी होते." त्यायनं खिशातली किल्ली चाचपली. किल्ली होती.

ही लाईन मशीनची नव्हती. मले समजलं.

अन् मग असा राग आला का विचारू नका. इतके दिवस जाळीखाली जीव मुठीत धरून पडली, ते यासाठी? मी सँडल उचलले. घशातून महिनाभर न निघालेला आवाज निघाला, फाटका, पण निघाला.

"धावजीभाऊ! बसल त्याची शीट! मी नाही बसत या गाडीत!"

सावलीतले सगळे उठून उभे राह्यले. मी सँडल पायात चढवले, पट्टे आवळले अन् आत गेली. त्या दिवशी पावलं आली नाहीत.

रस्ते खुलले तसे आम्ही मारेगावले आलो. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं.

मांडणीवर, सँडलच्या जागी, टायरच्या चपला होत्या. निळे टाके. तोंड दाराकडं.

संघर्षचे बाबा फेकायले निघाले. मी त्यायचा हात धरला. फेकून त्या कुठं जाणार होत्या?

"राहू द्या," मी म्हटलं. मग चपलांकडं वळली. "बसा, धावजीभाऊ. गाडी सुटायची डबल बेल मी मारते. अन् सध्या मी मारत नाही."

आता काही वर्षं झाली. रिपोर्ट चांगले येतात, मी ड्युटीवर आहे, आवाज जरा घोगरा आहे पण पॅसेंजर ऐकतात. रोज सकाळी त्या चपलांच्या शेजारी बसून मी सँडल घालते.

त्यायच्या सोलचा चिखल अजून ओला आहे.