वाटाड्याच्या किल्ल्या

हुस्ना शिकलगारला एक गोष्ट काही केल्या उमगत नव्हती. काठीतली चूक आपणच शोधली, आपणच दुरुस्त केली, मग काठी अजून तीच चूक का करतेय?

हुस्ना तेरा वर्षांची. ती मिरजेत राहायची. तिचे अब्बा सतारी बनवायचे. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण हातात बोलकी काठी होती. काठीतलं ‘वाटाड्या’ नावाचं सॉफ्टवेअर ‘समोर दोन पायऱ्या’, ‘डावीकडून सायकल’ असं कानात सांगायचं. पण २०४८ साली शहरात नव्या वीजबस आल्या, अगदी मुक्या. वाटाड्या त्यांना भिंत समजायचा. ‘समोर भिंत,’ म्हणायचा, आणि भिंत चालू लागायची! परवा अशाच एका भिंतीचा धक्का लागून हुस्नाचं मनगट मुरगळलं.

वाटाड्या मुक्तस्रोत होता (म्हणजे त्याची आज्ञावली, यंत्राला दिलेल्या सूचना, कुणीही वाचावी आणि सुधारून पाठवावी). हुस्नाने आठ महिन्यांपूर्वीच सुधारणा पाठवली होती. तिच्यासारख्याच आणखी एकशे बारा जणांच्या सुधारणा रांगेत पडून होत्या. मूळ भांडाराचा (जिथे सगळी आज्ञावली साठवलेली असते) शिक्का नसेल, तर काठी नवी आज्ञावली घेतच नसे. आणि तो शिक्का मारण्याची किल्ली जगात एकाच माणसाकडे होती.

ते होते डॉ. अनंत कवठेकर, वाटाड्याचे जन्मदाते, वय वर्षं एकोणऐंशी. रविवारी अब्बा हुस्नाला घेऊन त्यांच्या सांगलीच्या घरी गेले.

“आजोबा, माझी सुधारणा आलीय हे तुम्हाला माहीत होतं?” हुस्नाने बसल्या बसल्या विचारलं.

“होतं की. पण एकेक ओळ तपासायला आता मला फार वेळ लागतो गं.”

“मग दुसऱ्या कुणाला तपासू द्या ना.”

“आणि त्याच्या हातून चूक राहिली तर? दहा हजार काठ्या आहेत. प्रत्येक काठीमागे तुझ्यासारखं कुणीतरी भर रस्त्यात उभं असतं. मला झोप लागायची नाही.”

हुस्नाने पट्टी बांधलेलं मनगट पुढे केलं. “ही चूक कुणी केली, आजोबा? कुणीच नाही. नुसती वाट बघत राहिलो, म्हणून झाली.”

कवठेकरांनी ते मनगट हलकेच हातात धरलं.

“रांगेतलीच नागपूरची विभावरी मेश्राम तर वेगळी चूल मांडायला निघालीय,” हुस्ना म्हणाली. “म्हणजे वाटाड्याची नक्कल घेऊन नवाच प्रकल्प. मग दोन वाटाडे होतील. एकातली सुधारणा दुसऱ्याला कळायची नाही.”

अब्बा म्हणाले, “साहेब, मी पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी माझ्या हातात सतारीचा भोपळा दिला. मी तो फोडला.”

“मग?”

“मग दुसरा दिला. पण शेजारी बसले.”

कवठेकर खळखळून हसले. “हुस्ना, कागद आण. नाही, तू सांग, मी लिहितो! आज्ञावली खुली ठेवली म्हणजे झालं, असं मी समजत होतो. दार मात्र मीच अडवून बसलो होतो.”

दोघांनी मिळून कारभार लिहिला (म्हणजे कुणी, काय आणि कसं ठरवायचं याचे नियम, सगळ्यांना वाचता येतील असे). आपली सुधारणा कुणीही स्वतःच भांडारात घालायची नाही. किल्ली असलेल्या दुसऱ्या दोघांनी ती तपासायची. ज्याच्या पाच सुधारणा खऱ्या उतरतील, त्याला किल्ली मिळेल. तीन महिने कुणाचा पत्ता नसेल, तर त्याची किल्ली काढून घ्यायची, राग न धरता. परत आला की पुन्हा द्यायची.

“हा नियम मलाही लागू,” कवठेकर म्हणाले.

ज्यांच्या पाच सुधारणा कवठेकरांनी पूर्वीच घेतल्या होत्या, त्या विभावरीला आणि पणजीच्या एका शिक्षिकेला पहिल्या किल्ल्या मिळाल्या. वेगळी चूल राहिली बाजूला. त्या दोघींनी हुस्नाची सुधारणा तपासली, एक खोट काढली, तिच्याकडून ती दुरुस्त करून घेतली. दहाव्या दिवशी थांब्यावर काठी म्हणाली, “समोर बस. उभी आहे.” हुस्नाने बसच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि तिथेच मोठ्याने हसली.

सहा महिन्यांत तिच्या पाच सुधारणा पूर्ण झाल्या. किल्ली मिळाली त्या दिवशी तिच्या पुढ्यात तपासायला पहिली आली ती खुद्द कवठेकरांची सुधारणा. हुस्नाने ती बोटांखालच्या ब्रेल पट्टीवर दोनदा वाचली. सातव्या ओळीत गडबड होती. आता काय करावं? तिचा अंगठा मंजुरीच्या कळीवर गेला आणि मागे आला. मग तिने कारण लिहिलं आणि सुधारणा परत पाठवली.

पाच मिनिटांत फोन वाजला.

“माझी आज्ञावली परत केलीस?”

“हो, आजोबा. उतारावर काठी उलटं सांगेल.”

आजोबांचा आवाज आला, अगदी हलका झालेला. “वीस वर्षं मी एकट्यानेच तपासत होतो गं. कुणीतरी शेजारी बसलंय, हे किती बरं वाटतं! आज रात्री मी छान झोपणार आहे. उद्या सुधारून पाठवतो. बघशील ना?”

“बघेन की,” हुस्ना म्हणाली. “आणि विभावरीताईसुद्धा बघेल.”