निळ्या डब्यातला बर्फ

पामुलगौतम नदीच्या पाण्यावर भरदुपारी धुकं उतरत नाही, असं शहाणी माणसं सांगतात. शहाण्या माणसांनी ती दुपार पाहिलेली नाही. एकवीस सालचा श्रावण सरत आला होता, भामरागडकडचा पूल नऊ दिवस पाण्याखाली होता आणि काठावरच्या मोहाच्या झाडाखाली दिव्यानी एकटीच डोंग्याची वाट बघत उभी होती. मर्कागुड्याच्या उपकेंद्रात नर्स म्हणून बदलीचा आदेश मिळून तिला जेमतेम आठवडा झाला होता. बेडूक ओरडत होते. मग एकदम गप्प झाले, कुणी हात वर करून थांबवावं तसे.

धुक्यातून डोंगा आला. वल्ह्याचा आवाज नाही, पाण्यावर रेघ नाही. आत एक उंच, सावळा तरुण उभा, खांद्याला लशीचा निळा डबा.

"नव्या सिस्टर तुमीच का?"

"हो. तुमी कोण?"

"डबा," तो म्हणाला.

"डब्याले नाव नसते का?"

"होतं ना. पण सध्या गावात कोणी घेत नाई."

असं बोलून तो इतकं गोड हसला, की डोंग्यात पाय ठेवताना तिचा तोल गेला. त्यानं हात दिला... आणि तिनं तो झटकन सोडला. नदीच्या तळातला दगड पहाटे हाताला लागावा, तसा हात.

मधल्या धारेत त्यानं डब्यातली बर्फाची जादा पट्टी, पाणी भरून गोठवलेली निळी प्लॅस्टिकची चपटी डबी, काढली आणि तिच्या कानाशी हलवली. लशीच्या कामातली ही पहिली शिकवण. पट्टी हलवून पाहायची, आत पाणी वाजलं तरच लशीजवळ ठेवायची. पार गोठलेल्या पट्टीनं लस मरते.

"वाजते का?"

"नाई वाजत."

"माह्या हातात बर्फ सुटतच नाई, सिस्टर. तुमी पाहा बरं."

तिनं पट्टी दोन्ही तळव्यांत धरली. पलीकडचा काठ येईतो आत पाणी डुचमळायला लागलं. तो नुसताच तिच्याकडे पाहत राहिला. पैलतीरी चिखलातून पुढं चालत गेला तेव्हा दिव्यानीनं सहज खाली पाहिलं... तिच्या पावलांचे ठसे होते. त्याचे नव्हते.

गावातल्या आशाताई म्हणजे इतवारीबाई. पन्नाशीची काटक बाई, बोलायला तिखट. दिव्यानीनं तिला डबेवाल्याचं नाव विचारलं, तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, दार लोटून घेतलं आणि मग सगळं सांगितलं.

तो तिचा भाचा, कोलू. गेल्या पावसात डबा घेऊन येताना डोंगा उलटला. पाच दिवसांनी डबा काठाला लागला, पण कोलू काही लागला नाही. गेलेल्याच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करायची इथली रीत. दोन-तीन महिने थांबले असते तर बरं झालं असतं, पण मर्कागुड्याला घाई फार. दगड उभा केला. खाली पुरायला देह नव्हता, म्हणून इतवारीबाईनं स्वतःच्या हातानं डब्यातली एक बर्फाची पट्टी पुरली. डबा पाच दिवस पाण्यात राहूनही ती पट्टी तशीच कडक होती, असं ती अजून शपथेवर सांगते. आणि दोन महिन्यांनी कोलू चालत परत आला. पल्याडच्या काठावर एका झोपडीत तापानं पडून होता म्हणे.

आता आली का पंचाईत! गावचा पुजारी झाडू म्हातारा म्हणाला, उभा केलेला दगड माणसानं पाडायचा नाही, त्यानं आपसूक आडवं व्हायचं. तोवर कोलू दगडातच. आजूबाजूच्या कुठल्या गावानं असा न्याय ऐकला नव्हता, ही मर्कागुड्याचीच तऱ्हा. कुणी त्याचं नाव घेईना, कुणी त्याच्याकडं पाहीना. त्याची भाकर दगडापाशी ठेवून बायका माघारी न पाहता निघून जात. तिकडं सरकारी यादीतही त्याच्या नावापुढं 'मयत' लागलं होतं. तो स्वतः सांगायला गेला, तर कारकून त्याच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत राहिला. डबा तेवढा त्याच्याकडं राहिला, कारण पुराच्या नदीत उतरणारा दुसरा कोणी नव्हता.

"अन् एक सांगू का बाई," इतवारीबाई हळूच म्हणाली, "तो दगड वाढून राह्यला. लावला तवा माह्या कमरेले होता."

दिव्यानी हसली. दुसऱ्या दिवशी गेली, दगड पाहून आली. मग नाही हसली. दगड कोलूच्या छातीला लागत होता.

दर बुधवारी डबा यायचा. दिव्यानी उपकेंद्राच्या ओट्यावर काळा चहा करायची. पेला कोलूच्या हातात गेला, की वाफ विझायची, फुंकर मारलेल्या दिव्यासारखी. तो मात्र मिटक्या मारून प्यायचा. येताना पळसाच्या पानात रानातल्या सात्या, म्हणजे अळंब्या, आणायचा, आणि तिनं भाजी कशी केली, मीठ जास्त झालं का, हे पुढच्या बुधवारी खोदून खोदून विचारायचा. गावातली कुत्रीही भुंकताना त्याच्या पलीकडं बघायची, म्हणून दिव्यानी कुत्र्यांवर चिडायची. गावानं टाकलेल्या माणसाशी इतकं बोलू नये, असं तिला दोघातिघांनी सुचवलं. तिनं बुधवारी वेणीत फूल माळायला सुरुवात केली.

पण तिच्या पिशवीत एक घडी घातलेला कागद होता. राजीनामा.

वरून आदेश आला होता. आरोग्याच्या ज्या कर्मचाऱ्यांनी साथीच्या लशीची सुई घेतली नाही, त्यांनी महिनाअखेर घ्यावी, नाहीतर काम सोडावं. दिव्यानीनं शेकडो माणसांना सुई दिली होती, स्वतः घेतली नव्हती. तिची आई सुगंधाबाई आरमोरीकडच्या एका धानाच्या गावात आशा होती. चैत्रात दिव्यानीनंच तिला सुई दिली. सहाव्या दिवशी ताप चढला, आणि वैशाख लागायच्या आत आई गेली. डॉक्टर म्हणाले, रोग आधीच अंगात होता, सुईचं बळ यायला दोन-तीन आठवडे लागतात, हिला तेवढी सवड मिळाली नाही. दिव्यानीला हे ठाऊक होतं. तिनं स्वतः हे शंभर जणांना समजावलं होतं. पण समजूत डोक्यात राहते, हात तिचं ऐकत नाही. सुई स्वतःच्या दंडाजवळ नेली की कानाशी आईच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. खोलीत कोणी नसताना... अगदी स्पष्ट.

तिनं हे कोलूला सांगितलं. त्यानं रिकामा पेला ओट्यावर ठेवला.

"मंग काम सोडून कुठी जानार?"

"आरमोरीले. शेती हाय घरची."

"तिथी नदी हाय का?"

"हाय ना. वैनगंगा."

"बरं झालं. मी येतो वाहत."

"वैनगंगा वरून खाली येते. उलटा वाहशील का?"

"मेलेल्याले उलटं-सुलटं नसते."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तुमीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं. तो म्हणाला, तुझं काय ते ठरव, मला तर आदेशही लागू नाही, मयत माणसाला कोण विचारतं. मग दंड चोळत म्हणाला...

"पण एक सुई मलेही पाहिजे होती. यादीत नाव येते ना तिच्यानं. तारखेसकट."

त्या दिवशी ती त्याला दगडापर्यंत सोडायला गेली, तर दगड त्याच्या हनुवटीला लागत होता. माणसाएवढा झाला, की माणूस आत, असं इतवारीबाईनं सांगितलेलं दिव्यानीला आठवलं, आणि परत येताना तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

महिन्याचा शेवटचा बुधवार. दुपारचे बारा, पण उजेड दिवेलागणीसारखा. रानात एक पाखरू बोलत नव्हतं. कोलू काठावरून दगडापर्यंत आला आणि तिथंच त्याला टेकून थांबला. डबा उचलून आणला इतवारीबाईनं. "त्याच्या हातात जोर नाई रायला," एवढंच म्हणाली.

उपकेंद्रात आठ म्हातारी माणसं बसली होती. कोणी दोन कोस, कोणी तीन कोस चिखल तुडवत आलेलं. त्यांत झाडू पुजारीही होता. आठजण म्हणजे अडचण, कारण एका बाटलीत दहा जणांची लस. बाटली एकदा उघडली, की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची, म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय दिव्यानी बाटली उघडत नसे. या आठांना माघारी धाडलं असतं, तर ती पुन्हा आली नसती.

झाडूनं काठी टेकवत विचारलं, "बाई, तू घेतली का?"

दिव्यानीनं दारातून बाहेर पाहिलं. धुक्यात दगड उभा होता, आणि त्याला टेकून कोलू. दगडाच्या वर फक्त त्याचे केस दिसत होते. त्याचा रंग आणि दगडाचा रंग... कुठं एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, ते कळेना.

तिनं वही उघडली. आठ नावं लिहिली होती. खाली तिनं नववं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"कोलू पुंगाटी."

आठही जणांनी माना फिरवल्या. इतवारीबाईनं पदर तोंडाला लावला. दिव्यानीनं पुन्हा हाक मारली, या वेळी नुसतं 'कोलू', चहाला बोलवावं तसं.

"हाव," बाहेरून आवाज आला. फार लांबून आल्यासारखा.

तो दारात येईपर्यंत तिनं दहावं नाव लिहिलं. स्वतःचं. बाटली उघडली, सुई भरली, बाही वर केली. बांगड्या वाजायला लागल्या, आधी कानाशी, मग सगळ्या खोलीत. आणि या वेळी ते ऐकून झाडूनंही छपराकडं पाहिलं.

"माय," दिव्यानी पुटपुटली, "हात धर."

बांगड्या थांबल्या. सुई आत गेली.

मग कोलूचा दंड. कापसानं पुसला, तर कापूस गारठला. सुई टोचेना. तिनं सुई बाजूला ठेवली आणि तो दंड दोन्ही तळव्यांत धरून बसली, डोंग्यात पट्टी धरली होती तशी. आठ माणसांसमोर. किती वेळ गेला, याचा हिशेब कोणी केला नाही, पण झाडूची चिलीम विझली म्हणतात. मग तिनं नवी सुई घेतली आणि टोचली. काढली. टोचल्या जागी काहीच नव्हतं. सगळे वाकून पाहत होते... आणि हळूच, विचार केल्यासारखा, रक्ताचा एक लाल थेंब वर आला.

झाडू म्हातारा काठी सोडून पुढं आला. त्यानं तो थेंब पाहिला, मग वर त्याचं तोंड पाहिलं, वर्षभरात पहिल्यांदा.

"कोलू," तो म्हणाला, "किती वाळला रे लेका."

आठही जणांच्या सुया झाल्या. सुईनंतर अर्धा तास सगळ्यांना बसवून ठेवायचं, हा नियम. म्हातारी माणसं आत भिंतीला टेकून गप्पा मारत बसली, आणि दिव्यानी आणि कोलू बाहेरच्या बाकड्यावर. बाकड्याचा एक पाय आखूड होता. तो हलला की ही हले, ही हलली की तो.

"घेरी तर नाई येऊन राह्यली?" तिनं नर्सच्या आवाजात विचारलं.

"येऊन राह्यली ना. पण सुईच्या आधीपासून. पामुलगौतममधी पट्टी वाजली होती ना, तवापासून."

"हे लक्षण वहीत नाई लिहिता येत."

"मंग वहीत नको लिहू. तू थांबतेस का सांग."

ती उत्तर देणार, तेवढ्यात बाकडं पुन्हा डुगडुगलं. तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, आणखी दोनदा दुमडला आणि वाकून आखूड पायाखाली सारला. बाकडं घट्ट बसलं.

"तो कागद कामाचा नव्हता ना?" त्यानं विचारलं.

"आता झाला."

त्यानं तिचा हात हातात घेतला. या वेळी तिनं सोडला नाही. गार होता अजून... पण पाण्यातून आलेल्या माणसाचा असतो तेवढाच.

अर्धा तास भरत आला, तोच गावाबाहेरून एक जड, ओला आवाज आला. सगळे धावले. दगड आडवा पडला होता, आणि आडवा मोजला तर जेमतेम कमरेएवढा भरत होता. शेजारी इतवारीबाई उभी. कोपरापर्यंत चिखलानं माखलेली. झाडूनं तिच्या हातांकडं पाहिलं, मग दगडाकडं. असला दगड हलवायला चार गडी लागतात. ती म्हणाली, भात लावायची वेळ आहे, हाताला चिखल लागणारच. कुठलं भात भाद्रपद सरताना लावतात, हे झाडूनं विचारलं नाही.

दगडाखालच्या खड्ड्यात निळं काहीतरी चमकत होतं. वर्षापूर्वी पुरलेली ती बर्फाची पट्टी. दिव्यानीनं उचलली. वरून धूर निघत होता, इतकी गार. तिनं ती दोन्ही हातांत धरली, मग कोलूचे हात त्यावर ठेवले, वरून पुन्हा आपले. म्हातारी माणसं उगाच आभाळाकडं बघायला लागली.

थोड्या वेळानं तिनं पट्टी त्याच्या कानाशी नेऊन हलवली.

"आयक."

आत पाणी वाजलं. आणि नदीकाठचे बेडूक, इतका वेळ कुणीतरी गप्प करून ठेवलेले, एकदम ओरडायला लागले.