पंगतीतली पाठमोरी

निपाणीला तंबाखूच्या वखारींमागच्या मैदानात सिनेमाचा तंबू आला, तेव्हा बायकांची सोय पडद्याच्या मागं झाली. पुढं पुरुष, मागं बायका, मध्ये पांढरा कपडा. खेळाआधी तो पाणी मारून भिजवत. मग चित्र आरपार दिसायचं, पण उलटं. मागून बघणाऱ्यांना प्रत्येक माणूस डावखुरा दिसे आणि प्रत्येक बाईचा पदर उजव्या खांद्यावर.

मूकपट होता. मधूनमधून येणाऱ्या पाट्यांची अक्षरंही उलटीच. ती बायकांना वाचून दाखवायला मालक मारुतीरावांनी कन्याशाळेच्या जयाबाईंना बोलावलं. जया लगेच हो म्हणाली. दिवेलागणीला रिकाम्या खोलीत कंदील लावायचं तेवढंच टळत होतं.

तिची आई, शहापूरची अंबूबाई, पौषात गेली. निरोप मिळून जया पोचली, तोवर राख सावडून झाली होती. आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. हात आठवायचे, मागासाठी सुताच्या कांड्या भरतानाची रहाटाची घरघर आठवायची. चेहरा मात्र रोज थोडा पुसट होत होता. आता डोळेही नीट आठवेनात. तेवढा चेहरा एकदा दिसावा, याहून तिला काही नको होतं.

चित्रात चार जोडपी होती. एक भांडून वेगळं झालेलं, एक चोरून भेटणारं, एकाचं लग्न घरच्यांनी मोडलेलं, आणि एक म्हातारं, वर्षानुवर्षं अबोला धरलेलं. शेवटी सगळ्यांचं जमायचं आणि मोठी पंगत बसायची.

"बघा गं, समदी डाव्या हातानं जेवत्यात," बायकांकडची राखणदार बायाक्का म्हणाली. "ह्यांचे संसार टिकायचे कसे?"

"टिकत्यात की," मागून कुणीतरी म्हणालं. "माझा नवरा दोन्ही हातांनी जेवतोय, त्येचा टिकला न्हाय व्हय?"

बाया खदखदल्या. जयाही हसली, आणि हसता हसता थांबली.

पंगतीच्या टोकाला एक बाई पाठमोरी बसली होती. तिचा पदर डाव्या खांद्यावर होता. ती उजव्या हातानं जेवत होती.

नटी मुळात डावखुरी असेल, म्हणून इथून सुलट दिसते, जयानं स्वतःला समजावलं. पदरही उलटाच घेत असेल. घरी जाईपर्यंत ते तिला पटलंही होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं फक्त त्या बाईकडं बघितलं. बसकी मान. सैल अंबाडा. अंबाड्यात काहीतरी आडवं खोचलेलं. सुताची रिकामी कांडी. माग चालू असला की आई कांडी अशीच खोचायची, आणि तशीच पाणी भरायला जायची. सगळी आळी हसायची तिला.

त्या संध्याकाळी दोन पाट्या वाचायच्या राहिल्या. "बाई, झोप लागली का काय?" बायाक्का कुजबुजली.

जयानं मारुतीरावांना गाठलं. "शेवटच्या पंगतीत पाठमोरी बसलेली बाई कोण हो?"

"पाठमोरी?" ते हसले. "अहो, तोंड दिसावं म्हणून तर लोक चित्रात बसत्यात. पाठ करून कोण बसंल?"

"मला एकदा पुढून बघू द्या."

"गड्यांच्यात? लोक काय म्हणतील बाई?" तिच्या चेहऱ्याकडं बघून ते नरमले. "बरं. उद्या शेवटचा खेळ. परवा तंबू लोंढ्याला जातोय. पंगतीपुरतं या, कनातीशी उभ्या ऱ्हावा."

कपड्याच्या दोन्ही अंगांना चित्र एकच असतं, हे जयाला कळत होतं. पुढून बघितलं म्हणून पाठीचा चेहरा होत नाही. तरी ती गेली.

बिड्यांच्या धुरात तिनं मान वर केली. पंगत बसली होती. पदर डाव्या खांद्यांवर, घास उजव्या हातात, सगळ्यांची तोंडं समोर. चारही जोडपी हसत होती.

टोकाला एक पान वाढलेलं होतं. भात, वरण, कडेला मीठ. पानावर कुणी नव्हतं.

ती कनात धरून मागं आली.

बायकांत कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"आत्ता आलासा व्हय?" बायाक्का म्हणाली. "तुमच्या चटईवर एक म्हातारी येऊन बसली. म्हटलं, आवो, ही बाईंची जागा. तर म्हणाली, माझ्या पोरीला बघायला आलोय. कुठं गेली ती, म्हणून इचारलं."

"ती म्हातारी कुठं आहे?"

"आत्ता तर हितं होती."

"दिसायला कशी होती, बायाक्का? तोंड कसं होतं?"

बायाक्कानं ओठ पुसले. "काय सांगू? शेजारी बसून बघितलं. वाकून पुढनंबी बघितलं. लई बघितलं बाई." तिनं चटईकडं बोट केलं. "पाठच दिसली."

चटई चिंब होती. पडद्यापासून चटईपर्यंत धुळीत ओली पावलं उमटली होती. परत गेलेली नव्हती.

पडद्यावर शेवटची पाटी आली. ती कुणी वाचली नाही.

जया बसली नाही. खेळ संपेपर्यंत उभीच राहिली, मग कंदील उचलून वाटेला लागली. तिला तो चेहरा दिसला नव्हता, आणि आता दिसणारही नव्हता.

"बाई," मागून बायाक्काची हाक आली. "तुमची पाठ भिजलीया."