गच्चीवरची कढई

मुलुंडच्या त्या सोसायटीच्या गच्चीत दोऱ्या कायम अपुऱ्या पडायच्या. त्या संध्याकाळी वनमालाने इकडेतिकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात आभाळाकडे तोंड करून बसलेल्या जाळीच्या भल्यामोठ्या कढईवर ओली चादर खुशाल पसरून टाकली.

दोन मिनिटांत जिन्यात धाडधाड पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावरचा जयवंत धापा टाकत वर आला.

"चादर कुणाची ही? चित्र गेलं ना माझं!"

"चित्र? मला वाटलं, यात पापड वाळवतात."

"अँटेना आहे तो. रशियाचा टीव्ही दिसतो यावर."

"मग गच्ची काय रशियाने विकत घेतली?" वनमाला पदर खोचून भांडायला उभी राहिली… आणि त्याचा रडवेला चेहरा पाहून तिला हसूच फुटलं.

सत्त्याऐंशी साल होतं. साऱ्या सोसायटीला दूरदर्शन पुरत होतं. या एकट्याला नाही. पडद्यावरची अक्षरं मात्र त्याला वाचता येत नव्हती. वनमाला फोर्टातल्या वर्गात रशियन शिकत होती. झालं! रोज संध्याकाळी ती त्याच्या घरी त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, हातचा चहा पीत अक्षरं वाचू लागली, आणि तो तिला आभाळ समजावू लागला.

"नावावर जाऊ नकोस. स्तात्सिओनार हे जागेचं नाव. तिथे बसतो तो उपग्रह गोरिझोंत. एक गेला की दुसरा येतो, जागेचं नाव तेच."

"म्हणजे सुनेसारखंच," ती म्हणाली. "सासरी गेली की त्या घरचं नाव."

तो हसला, पण तिला हसू आलं नाही. मालाडचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा बँकेत, माणसं चांगली. फक्त 'वनमाला' त्यांना जुनाट वाटत होतं. त्यांनी 'पल्लवी' ठरवूनही टाकलं होतं. रविवारी सुपारी फुटणार होती. जयवंतने एक शब्द काढला तर… पण तो आपला कढईतच रमलेला. तिला त्याचा राग येत होता, आणि तो हवाही होता.

शुक्रवारी पडद्यावर नुसत्या मुंग्या. उपग्रह जागेवर नव्हताच. जयवंत गच्चीवर कढई सरकवू लागला, आणि वनमाला त्याच्या खिडकीतून ओरडू लागली.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"नाही रे… थांब! आलं!"

"डावीकडे ती नेहमीची काळी रेघ थरथरतेय?"

"थरथरतेय."

"मग आपलाच तो. जागा बदलली, आता नव्या जागेचं नाव लागेल. पण जित्याची खोड जाते कुठे?"

वनमालाने खिडकीबाहेर मान काढली. वर कठड्यावरून तो वाकलेला.

"रविवारी मालाडची माणसं येतायत," ती म्हणाली. "पल्लवी करणार आहेत माझी."

त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. मग एकदम, साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात—

"करू देत! तू आधी भांडतेस, मग हसतेस. कुठल्याही नावाने, कुठेही बस… मी ओळखेन तुला!"

"आणि त्यासाठी मालाडपर्यंत येणार? इथेच ठेवून घे ना, वेड्या!"

समोरच्या खिडक्या फटाफट उघडल्या. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि वर तोंड करून हाक मारली, "जयवंता, खाली ये रे. अख्ख्या सोसायटीक कळला. आता तिच्या बापाशीक भेटूक जावया."

मालाडला नकार गेला. आठवडाभर वडील तिच्याशी बोलले नाहीत; मग जयवंतने त्यांना फुटबॉलची मॅच दाखवली, आणि तेही विरघळले.

लग्नात ताटभर तांदूळ पसरून समोर आले. नवऱ्याने अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं. बायका वाकून बघू लागल्या. जयवंतने सावकाश अक्षरं काढली… वनमाला.

"अरे, हे तर जुनंच!" आत्या म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "तीच हवी होती ना मला."

वनमालाने ताटाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, तरी आवाज चढवून ती म्हणाली, "मा केवढा तिरका काढलास रे! साधं नाव लिहिता येत नाही?"

जयवंत ती हसायची वाट बघत राहिला. आणि ती हसली.